फिक्सीचा चिमटा: काळ्या मातीत अडकणार नाही असा कसा निवडायचा, कसा घडवायचा

चिमटा म्हणजे फोर्क, हे आधी. आपल्या इकडे सायकलच्या दुकानात "फोर्क आहे का" विचारलं तर माणूस दोन मिनिटं तोंडाकडे पाहते अन् मग म्हणते, "चिमटा म्हण ना भाऊ". तर फिक्सी, म्हणजे फ्रीव्हील नसलेली, चाक फिरते तोवर पायडलही फिरतच राहणारी सायकल, बनवायची म्हटली की पोरं सगळा जीव रिमच्या रंगात अन् हँडलच्या टेपात घालतात, चिमटा मात्र जो भेटला तो ठोकून देतात. मीबी तेच केलं होतं. ऑनलाइन एक चकाचक ट्रॅक चिमटा (शर्यतीच्या ट्रॅकवरच्या सायकलीचा) मागवला, सरळ पायांचा, क्रोमचा, फोटोत लय भारी दिसे. जुलैत पांदण रस्त्यानं वावरात निघालो, शंभर पावलंही झाली नसतील, टायर अन् चिमट्याच्या मधात काळी माती अशी ठासून भरली की पुढचं चाक जागीच गच्च, मागून पायडल रेटूनच राहिले कारण फिक्सीत पाय थांबत नाही, अन् मी हँडलवरून थेट तुरीत. तूर वाचली. मनगट महिनाभर बांधून होतं.

म्हणून माझा हिशोब आता असा आहे की आधी माती, मग ब्रेक, मग पायाचा अंगठा, अन् दिसणं सगळ्यात शेवटी. पुण्या-मुंबईच्या डांबरावर फिरवणाऱ्यानं उलटं केलं तर चालते, त्याले कोण अडवते.

पण निवडायच्या आधी फ्रेम पाहा, कारण चिमटा फ्रेमच्या मापानं घ्यावा लागते. हँडलखालची जी उभी नळी, हेडट्यूब, तिच्यातून चिमट्याची दांडी वर येते. दांडी दोन प्रकारची. जुन्या सायकलीत १ इंची, म्हणजे बाहेरून २५.४ मिमी, वरच्या टोकाला आटे पाडलेले, त्यावर कटोरी अन् लॉकनट बसते, अन् हँडलची दांडी आत खुपसलेली असते, ती २२.२ मिमीची. नव्या सायकलीत १ पूर्णांक १ अष्टमांश इंची, म्हणजे २८.६ मिमी, आटे नाहीत, हँडल धरणारा तुकडा, म्हणजे स्टेम, वरून बाहेरच्या अंगानं आवळते. भंगारातून जुनी रेसर फ्रेम उचलली असेल तर ती बहुतेक १ इंचीच निघते. मोठ्या हेडट्यूबमध्ये बारीक दांडी बसवायला रिड्युसरवाला हेडसेट (दांडी ज्यात फिरते तो कटोरी-छर्ऱ्यांचा जोड) भेटते, पण बारीक हेडट्यूबमध्ये जाड दांडी कोणत्याच जादूनं जात नाही, तेव्हा व्हर्नियर कॅलिपर घेऊन जा. लेथवाल्याकडे असतेच, पाच मिनिटाचं काम.

आट्यांचंही एक लफडं आहे. बहुतेक १ इंची चिमट्यांवर इंचाला २४ आटे असतात, पण जुन्या रॅलेच्या सायकलींवर २६ असायचे. दिसायला दोन्ही सारखेच. नट हातानं फिरवून पाहायचा, तीन-चार फेरे मऊ गेला तर ठीक, दीड फेऱ्यात अडला तर तो चुकीचा आहे, पाना लावून जबरदस्ती करू नका, आटे गेले की चिमटा गेला. अन् खाली, जिथं दांडी चिमट्याच्या डोक्याला (दोन पाय जिथून फुटतात त्या जागी) मिळते तिथं बसणारी रेस, म्हणजे छर्रे ज्यावर फिरतात ती कडी, तिचंही माप १ इंचीत दोन प्रकारचं, २६.४ अन् २७.० मिमी. २६.४ ची रेस २७ च्या बैठकीवर ठोकली तर तडकते, अन् २७ ची २६.४ वर ठेवली तर डुगडुगते. २८.६ वाल्यात ही कटकट नाही, तिथं ३०.० मिमी ठरलेलं.

आता माती. आपली काळी माती ओली झाली की नुसती चिकटत नाही, थरावर थर चढवत जाते, त्यात गवत-काडी मिसळली की झाली वीट. गावातले लोक पावसाळ्यात मडगार्ड काढून घरात टांगतात ते याच्यासाठीच. ट्रॅकवरच्या चिमट्यात टायरवर नखाएवढी जागा ठेवतात, कारण तिथं लाकडी नाहीतर सिमेंटचा कोरडा ट्रॅक अन् २३ मिमीचा टायर. आपल्याले किमान ३२ चा टायर लागते (बाभळीच्या काट्यांचं वेगळंच आहे, ते दुसऱ्या दिवशी बोलू) अन् टायरच्या माथ्यापासून चिमट्याच्या डोक्यापर्यंत एक आडवं बोट, म्हणजे १५ मिमी तरी मोकळं पायजे, दोन्ही बाजूंनी ८-१० मिमी. एवढं असूनही भर पावसात पांदणीत सायकल खांद्यावरच घ्यावी लागते, ते काही चुकत नाही. पण रस्त्यावर आल्यावर काडीनं दोन मिनिटात चाक मोकळं होते, हा फरक.

जागा फक्त डोक्याखालीच पाहू नका. ब्रेक लावला की ब्रेकची कमान टायरच्या वर येते अन् खरी अडचण तीच करते. म्हणून ब्रेकची रीच मोजायची. चाक बसवा, डोक्यातल्या ब्रेकच्या भोकाच्या मध्यापासून रिमवर जिथं रबर घासते त्या पट्टीच्या मध्यापर्यंत अंतर घ्या. ३९ ते ४९ मिमी आलं तर छोटा ब्रेक लागते अन् तो चिमटा आपल्या कामाचा नाही, सरळ परत ठेवा. ४७ ते ५७ आलं तर उन्हाळ्यापुरता जमते. त्याच्यावर गेलं तर लांब हाताचा ब्रेक घ्यावा लागते, त्याच्या कमानीखालून ३५ चा टायर अन् थोडी माती आरामात जाते. लांब हाताचा ब्रेक जरा मऊ लागते, दाबला की थोडा वाकल्यासारखा वाटते, पण चालते.

ब्रेक कशाला, फिक्सीत तर पायानं थांबवतात, असं म्हणणारा एकजण प्रत्येक गावात निघतेच. भाऊ, पायानं फक्त मागचं चाक थांबते. थांबताना अंगाचा सगळा भार पुढे येते, मागचं चाक हलकं होऊन घासत जाते, म्हणून खरी पकड पुढच्या चाकात असते. अन् चैन उतरली किंवा तुटली तर पाय नुसते हवेत. जपानमध्ये केरिन नावाच्या ट्रॅकवरच्या सायकल शर्यती १९४८ पासून चालू आहेत, तिथं सायकलीला ब्रेक नसते हे खरं, पण तिथं समोरून रॉकेल भरलेली बैलगाडी, उलट्या बाजूनं येणारी कापसाची ट्रॉली अन् रस्त्यावर बसलेली म्हैस नसते. चिखलदऱ्याचा घाट तर सोडाच. पुढचा ब्रेक पायजेच, म्हणून चिमट्यात ब्रेकची सोय पायजेच, यावर मी वाद घालत नाही.

तिसरं अंगठा. हे कोणी सांगत नाही अन् पहिल्याच वळणावर कळते. हळू चालवताना हँडल वळवलं की पुढचं चाक बुटाच्या टोकाला लागते. साध्या सायकलीत आपण पायडल थांबवून पाय मागे घेतो, फिक्सीत पायडल थांबतच नाही, त्यामुळं गावच्या चौकात गर्रकन वळताना धप्प. यात चिमट्याचा रेक महत्त्वाचा. रेक म्हणजे दांडीच्या सरळ रेषेपासून चाकाचा अ‍ॅक्सल किती पुढे आहे ते अंतर. रोडच्या चिमट्यात ४३-४५ मिमी सर्रास, ट्रॅकच्यात ३० च्या आसपास भेटते. १५ मिमी रेक कमी म्हणजे चाक जवळपास तेवढंच पायाकडे आलं. माझ्या क्रोमवाल्याचा रेक ३० होता अन् माझे पाय १० नंबरचे, म्हणजे बोलायलाच नको. क्रँक, म्हणजे पायडल धरणारा दांडा, १७० ऐवजी १६५ मिमीचा लावला तर ५ मिमी वाचतात, बाकी रेकनंच वाचवायचे.

रेकनं चालही बदलते. गणित आवडणाऱ्यांसाठी: चाकाची त्रिज्या गुणिले हेडट्यूबच्या कोनाचा कोसाइन, त्यातून रेक वजा, अन् आलं ते साइननं भागा, मग भेटते ट्रेल, म्हणजे दांडीची रेषा जमिनीला लागते तिथून चाक टेकते तिथपर्यंतचं अंतर. ३४० मिमी त्रिज्या, ७३ अंशाचा कोन अन् ४३ रेक धरला तर ट्रेल साधारण ५९ मिमी येते, सायकल सरळही राहते अन् वळतेही बरी. रेक ३० केला तर ७३ च्या जवळ जाते, वेगात एकदम रुळावरच्या गाडीसारखी पण गर्दीत जड. फोटोत वाकलेला चिमटा जास्त रेकचा अन् सरळ पायाचा कमी रेकचा असं समजू नका, सरळ पायाच्यात डोक्यातच तिरपेपणा दिलेला असते, मोजल्याशिवाय काही कळत नाही.

मोजायची माझी पद्धत, दुकानदार हसला तर हसू द्या: सपाट टेबल किंवा फरशी घ्या, सारख्या उंचीचे दोन लाकडी ठोकळे घ्या, त्यावर दांडी आडवी ठेवा म्हणजे चिमट्याचे पाय पुढे हवेत राहतील, वाक वरच्या बाजूला. ज्या खाचांत चाक बसते त्यात एक अ‍ॅक्सल आडवा टाका. आता टेबलापासून अ‍ॅक्सलच्या मध्याची उंची घ्या, त्यातून ठोकळ्याची उंची अन् दांडीची अर्धी जाडी (१ इंचीत १२.७) वजा करा, उरला तो रेक. तेव्हाच अ‍ॅक्सलची उंची डाव्या अन् उजव्या टोकाला दोन्हीकडे मोजा. दोन मिमीचा फरक आला तर चिमटा पिळलेला आहे, पैसे देऊ नका.

जुना चिमटा घेताना अजून तीन जागी नजर टाका. डोक्याच्या लगेच खाली मागच्या बाजूला रंगाला बारीक सुरकुत्या पडल्या असतील तर तो कुठंतरी धडकलेला आहे. रेस काढून दांडीच्या बुडाशी नख फिरवा, केसाएवढी भेग नखाला लागते, डोळ्याला दिसत नाही. अन् दांडी उलटी करून आत टॉर्च मारा, गंजाचे पापुद्रे पडले तर एखाद्या वेळी वरून चांगला दिसणारा चिमटा आतून चाळणी असते.

आता कोणता घ्यायचा. फ्रेम नवी, २८.६ वाली असेल तर फार विचार नका करू, हायब्रिड सायकलीचा साधा लोखंडी चिमटा शोधा, ज्यावर ७०० सी च्या (रोड सायकलीच्या मापाच्या) चाकासाठी व्ही-ब्रेकच्या, म्हणजे दोन उभ्या हातांच्या ब्रेकच्या, खुंट्या आहेत. अमरावती-नागपूरला लोक हायब्रिडला शॉकअप बसवून घेतात अन् जुना चिमटा दुकानात पडून राहते, तो स्वस्तात भेटते. व्ही-ब्रेकची कमान टायरच्या लय वर असते त्यामुळं मातीला रस्ता मोकळा. पण तो रोडच्या चिमट्यापेक्षा उंच असते. अ‍ॅक्सलपासून रेसच्या बैठकीपर्यंत रोडच्यात साधारण ३७० मिमी, ह्याच्यात ३९०-४०० च्या पुढे. दर १७-१८ मिमी उंचीला हेडट्यूबचा कोन एक अंशानं मागे पडते, म्हणजे २८ मिमी उंच चिमटा लावला तर दीड अंश. सायकल जरा निवांत होते, खड्ड्यात बरी, अन् खालचा क्रँकही सेंटिमीटरभर वर उचलल्या जाते, वळणात पायडल जमिनीला घासत नाही, फिक्सीत तो फायदाच. एक चूक मात्र टाळा, २६ इंची एमटीबीचा (माउंटन बाइकचा) चिमटा घेऊ नका. ७०० सी चं चाक त्यात कधीकधी बसते, बसलं म्हणून आनंद होते, मग कळते की खुंट्या ३१.५ मिमी खाली आहेत अन् रबर रिमला पोचतच नाही. मोठा शॉकअप लावू का असं विचारणाऱ्याले मी उत्तर देत नाही.

फ्रेम जुनी १ इंची असेल तर दोन वाटा. एक, जुन्या रोड सायकलीचा आट्यांचा चिमटा, शक्यतो २७ इंची चाकासाठी बनलेला, कारण २७ इंची रिम ६३० मिमीची अन् ७०० सी ची ६२२, म्हणजे आपलं चाक टाकलं की वर ४ मिमी फुकटात भेटले. मी शेवटी हाच लावला. दुसरी वाट, आपल्या बापजाद्यांच्या डबल बारच्या काळ्या सायकलीचा चिमटा. २८ इंची रिम ६३५ ची, त्यामुळं साडेसहा मिमी वाढीव अन् वरून मडगार्डची जागा, मातीसाठी याच्यासारखा चिमटा नाही, रेकही लांब. माझ्याकडचा मोजला तर ६२ भरला. ७३ अंशाच्या फ्रेमवर त्याचा ट्रेल ३९ वर येते, हँडल एकदम हलकं, एक हात सोडून तंबाखू मळता येत नाही एवढं समजा. अन् त्यावर काम लय करावं लागते.

काम काय ते सांगतो. डबल बारच्या सायकलीला सळईचा ब्रेक असते, तो पायांना क्लिपांनी धरलेला, त्यामुळं डोक्यात ब्रेकचं भोक बहुतेक नसतेच. भोक पाडायचं तर डोकं भरीव, ओतीव पायजे, नुसत्या पत्र्याच्या टोपीत पाडू नका. मध्य काढून सेंटर पंच मारा, आधी ३ मिमीचा ड्रिल, मग ६ चा, उभ्या ड्रिल मशीनवर, हातातल्या ड्रिलनं भोक तिरपं जाते अन् ब्रेक आयुष्यभर तिरपा राहते. बुडवलेल्या नटाचा ब्रेक असेल तर फक्त मागच्या भिंतीत ८ मिमी करा, पुढची ६ च राहू द्या. डोकं गोल असेल तर ब्रेकच्या बुडाशी अर्धगोल वायसर लागते. कार्बनच्या चिमट्यात भोक पाडायचं मनातही आणू नका.

मग खाचा. आपल्या देशी चिमट्याच्या खाचा बारीक अ‍ॅक्सलच्या, ८ मिमीच्या आसपास, अन् बाहेरच्या हबचा अ‍ॅक्सल ९ चा. गोल कानस घेऊन दोन्ही कडांना सारखं, पाव-अर्धा मिमी घासायचं, खाचेच्या वरच्या टोकाला हात लावायचा नाही, नाहीतर चाक एका बाजूला वर बसते अन् मग तुम्ही आठ दिवस रिम सरळ करत बसता. दोन पायांमधली रुंदी १०० मिमी पायजे, जुन्यात कमी असते. लोखंडी असेल तर हातानं थोडं थोडं ताणून होते, ९६ चे १०० करायला प्रत्येक पाय २ मिमी. एकाच पायाला ताण देऊ नका, ताणून झालं की वर सांगितलेलं ठोकळ्यांचं माप परत घ्या. अ‍ॅल्युमिनियम अन् कार्बन ताणायचं नाही, ते वाकत नाही, तुटते.

दांडी कापायची वेळ आली की सगळ्यांचे हात थरथरतात, माझेही. आट्यांच्या चिमट्यात हेडट्यूबची लांबी अधिक हेडसेटची वरची-खालची मिळून उंची, समजा १३० अन् ३८, म्हणजे १६८, त्यातून लॉकनट वर टेकू नये म्हणून एक-दोन मिमी कमी. बिनआट्यांच्यात हेडट्यूब, हेडसेट, मधल्या चकत्या, स्टेमची उंची यांची बेरीज, वजा ३ मिमी. १३० अधिक २५ अधिक २० अधिक ४०, वजा ३, झाले २१२. पहिल्यांदा बनवणाऱ्यानं चकत्या जास्तच ठेवाव्यात, कमी कधीही करता येते. जुना होज क्लिप दांडीवर आवळा अन् त्याच्या कडेला धरून हॅक्सॉ चालवा, काप सरळ येते. नंतर आतून-बाहेरून कानस. स्टार नट (दांडीत ठोकायचा, वरचा बोल्ट धरणारा) काठापासून १५ मिमी आत, कार्बनच्या दांडीत स्टार नट नाही, त्याला फुगणारा प्लग.

काळ्या सायकलीचा चिमटा कापला की वरचे आटे गेले, मग लेथवाल्याकडून नवे पाडून घ्यावे लागतात. त्याले बजावून सांगा, लागतील तेवढेच पाड, खालपर्यंत नको. कारण हँडलच्या दांडीचा जो फुगणारा भाग आहे तो आट्यांच्या जागी येऊन आवळला तर बारीक झालेली भिंत तिथंच फाटते. हँडल आट्यांच्या खाली पोचलं पायजे अन् त्याच्यावर जी कमीत कमी खोलीची रेघ असते ती बाहेर दिसली नाही पायजे. अन् वेल्डिंगवाला कितीही ओळखीचा असो, चिमट्याच्या पायाला आर्क वेल्डिंग लावू देऊ नका, नांगराच्या फाळाले जी आग चालते ती एक मिमीच्या नळीले चालत नाही.

रेस बसवायला हजारो रुपयाचं हत्यार लागत नाही. १ इंची दांडीला नळाच्या दुकानातला १ इंची जीआय पाइपाचा तुकडा सैल जाते, त्याचं टोक लेथवर काटकोनात करून घ्या, रेसवर ठेवा अन् वरून लाकडी हातोड्यानं एकसारखं ठोका. आवाज बदलून टणक झाला की रेस बसली. जुने छर्रे घासलेले असतील तर सगळेच बदला, अर्धे जुने अर्धे नवे करू नका.

रंग. पावडर कोटिंग करायचं तर भट्टीत १८०-२०० अंश लागते, आधी आटे, रेसची बैठक अन् दांडी टेपनं झाकायला सांगा, मला एकदा आट्यांवर रंग भरून आलेला चिमटा भेटला, दोन दिवस तारेच्या ब्रशनं घासत बसलो. कार्बन भट्टीत नाही. मी शेवटी पोळ्याला बैलाच्या शिंगांले लावून उरलेला लाल ऑइल पेंटच मारला, रेड ऑक्साइडच्या दोन हातांवर, अन् तालुक्याच्या ट्रक पेंटरकडून दोन्ही पायांवर पिवळी वेल काढून घेतली. आतून मात्र जवसाचं तेल. घाण्यावरचं, खायचं तेच. दांडी उलटी करून आत ओतायचं, चिमटा चहूबाजूंनी फिरवायचा, उरलेलं काढून टाकायचं अन् आठ-दहा दिवस उन्हात टांगून ठेवायचं, तेल आत सुकून चिवट पापुद्रा धरते अन् गंज लवकर लागत नाही. उकळलेलं जवस तेल रंगाच्या दुकानात भेटलं तर ते लवकर सुकते.

सगळं जोडल्यावर पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा अन् दुसऱ्या हाताचं बोट हेडट्यूब अन् रेसच्या फटीवर ठेवा. टकटक लागली तर ढिलं आहे. मग पुढचं चाक उचलून हँडल सोडा, आपोआप एका बाजूला पडलं पायजे, मधात अडकत असेल तर जास्त आवळलं. १ इंचीच्या लॉकनटला बहुतेक ३२ मिमीचा पाना लागते, पाइप पान्यानं आवळू नका, कोपरे गोल होतात. नव्या जोडणीत रेस अजून थोडी खाली बसते, म्हणून आठवड्याभरानं, गावाला दोन-तीन चकरा झाल्या की परत ब्रेक दाबून फटीवर बोट ठेवा.